घरपोच बाजार आणि कायदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या निमित्ताने लातूरहून मला मुद्दाम नांदेडला बोलावून घेतलेत, याबद्दल मी आपली आभारी आहे. चिटणीसबाईंनी पत्रात विषय दोन ओळींत कळविला होता. मोबाइलवरून चालणारा बाजार आणि घरपोच सामान पोचविणारे धंदे यांना कोणते कायदे लागू होतात, ते आम्हां बायकांना उमजेल अशा भाषेत सांगावे, असा तो विषय. पत्राच्या शेवटी आणखी एक वाक्य होते आणि खरे म्हणजे त्या वाक्यामुळेच मी आले. यंदापासून मंडळाचे येसर, मेतकूट आणि उन्हाळी वाळवण अशा बाजारात विक्रीस ठेवण्याचा विचार आहे, असे त्यांनी लिहिले होते. म्हणजे आजवर ज्या बाजारात आपण गिऱ्हाईक म्हणून जात होतो, तेथे आता दुकान मांडून बसणार. गिऱ्हाइकाला कायद्याने काय दिले आहे हे ऐकताना आपल्याला बरे वाटते. तेच दुकानदाराच्या जागी बसून ऐकले की मन जरा सावध होते. आज दोन्ही बाजूंनी ऐकावे लागणार आहे.

लातूरच्या गंजगोलाईत आपल्यापैकी पुष्कळजणी गेल्या असतील. मधोमध ती गोल इमारत, तेथे जगदंबेचे मंदिर, आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनेनाणे, दुसऱ्याला चपला, तिसऱ्याला मिरची-गूळ. आता असे समजा की या साऱ्या गोलाईचा मालक एकच आहे. तो स्वतः काही विकीत नाही. गाळे देतो, पाटी लावतो, गिऱ्हाइकांना आत बोलावतो, पैसे आपल्या गल्ल्यात घेतो आणि आपली अडत कापून उरलेले दुकानदाराला देतो. मोबाइलवरचा मोठा बाजार बहुतेक असाच असतो. कायदा त्याला बाजारपेठ चालविणारा म्हणतो, आणि गाळ्यात बसतो तो विक्रेता. काही कंपन्या मात्र स्वतःचा माल स्वतः विकतात. त्यांचा प्रकार वेगळा. परदेशी भांडवल असलेल्या कंपनीला आपल्या देशात पहिल्या प्रकारचा धंदा करता येतो, दुसऱ्या प्रकारचा करता येत नाही. या एका नियमावरून दिल्ली-मुंबईत बरेच रामायण चालते; त्यात आज शिरण्याचे कारण नाही.

आपल्याला प्रश्न पडतो तो साधा. माल खोटा निघाला तर पकडायचे कोणाला? गाळेवाल्याला की गोलाईच्या मालकाला?

हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी कापूस, ज्वारी, तूर आडतीवर नेली तेव्हा रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरत असे. ज्याचा माल, त्यालाच तो भाव शेवटपर्यंत कळत नसे. मग तोलाई, हमाली, धर्मादाय आणि कडता कापून हातात काय पडेल ते देवाला ठाऊक. दलाल म्हणे, मी मधला माणूस, भाव खरीददाराने ठरविला. निजामाच्या राज्यात १९३० साली हैदराबादचा कृषी बाजार कायदा झाला आणि पुढे महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला. मधल्या माणसाने परवाना घ्यावा, वजने प्रमाणित असावीत, भाव उघड्या लिलावात ठरावा, कापणी किती ते आधीच ठरलेले असावे, हा या कायद्यांचा रोख. सारे दोष गेले असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. पण मधल्या माणसालाही जबाबदारी असते, हे तत्त्व तेथे रुजले. आज मोबाइलवरच्या बाजाराला जे नियम लागू आहेत, ते वाचताना मला त्या आडतीची आठवण सारखी येते.

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याच महिन्यात २३ तारखेस ऑनलाइन व्यापारासाठी खास नियम प्रसिद्ध झाले. त्यांतले चार-पाचच सांगते, पण ते लक्षात ठेवा. अशा प्रत्येक बाजाराने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्काची सोय आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव उघड दाखविले पाहिजे. त्या अधिकाऱ्याने तक्रार पोचल्याची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे. माल सदोष असेल, जाहिरातीत दाखविला तसा नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. उशीर दैवी आपत्तीने झाला असेल तर गोष्ट वेगळी. विक्रेत्याने गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाची स्तुती लिहिणेही मना आहे. आणि विकत घेतल्यावर आपण लेखी मागितले, तर बाजार चालविणाऱ्याने विक्रेत्याचा पूर्ण ठावठिकाणा आपल्याला द्यावा लागतो.

या शेवटच्या नियमाचा उपयोग माझ्या ओळखीच्या एका वहिनींनी फार छान केला. त्यांनी मागविलेल्या मिक्सरचे भांडे तडकलेले निघाले. फोनवर उत्तर आले, विक्रेता परराज्यातला आहे, आमचा संबंध नाही. वहिनींनी भांडण केले नाही. तडकलेल्या भांड्याचे, खोक्यावरच्या चिठ्ठीचे आणि पावतीचे फोटो काढले, तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिले, विक्रेत्याचा पत्ता लेखी मागितला आणि आलेला तक्रार क्रमांक किराण्याच्या वहीत टिपून ठेवला. महिना पुरा व्हायच्या आत पैसे परत आले. फोनवर तासन्‌तास ओरडून जे झाले नाही, ते एका पत्राने झाले. पत्र म्हणजे पुरावा. फोन म्हणजे वारा.

आता गोलाईच्या मालकाच्या जबाबदारीचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगते, आणि ते थेट आपल्या स्वयंपाकघरातले आहे. प्रेशर कुकर आय.एस. २३४७ या भारतीय मानकाप्रमाणेच असला पाहिजे, असा केंद्र सरकारचा आदेश १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. कुकर फुटला तर काय होते हे बाईमाणसाला सांगावे लागत नाही. तरीही मानकाची खूण नसलेले कुकर मोबाइलवर सर्रास विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अॅमेझॉनला एक लाख रुपये दंड केला आणि विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरांच्या गिऱ्हाइकांना कळवून, कुकर परत घेऊन पैसे देण्यास सांगितले. त्याच महिन्यात फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरांबद्दल तसाच आदेश झाला. कंपन्यांचे म्हणणे, आम्ही नुसते मध्यस्थ. प्राधिकरणाने पाहिले ते हे की प्रत्येक विक्रीवर कंपनीला शुल्क मिळते. अॅमेझॉनला या कुकरांवर मिळालेले शुल्क सहा लाखांच्या वर होते. अडत घेताना नाते आहे आणि कुकर फुटताना नाते नाही, असे चालत नाही. कंपन्या पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तो वेगळा भाग. मला विचाराल तर एक लाखाचा दंड अशा कंपनीला मुंगी चावल्यासारखा. पण दोन हजारांवर घरांत पत्र जाऊन 'तुमचा कुकर परत करा' असे कळवावे लागणे, ही गोष्ट लहान नाही.

दुसरा मुद्दा पैशांचा. आपण वाण्याच्या दुकानात जातो तेव्हा साखरेचा भाव विचारतो आणि तेवढाच देतो. मोबाइलवर मात्र पहिल्या पानावर एक आकडा असतो आणि शेवटच्या पानावर दुसरा. मध्ये हाताळणीचा आकार, लहान खरेदीचा आकार, पावसाचा आकार अशा बारीक बारीक ओळी वाढत जातात. घरपोच आणण्याचे पैसे घेऊ नयेत असे कायदा म्हणत नाही. माणूस ऊन-पावसात येतो, त्याचे मोल आहेच. पण ते आरंभी सांगितले पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादीच काढली आणि त्यांना मनाई केली. इंग्रजी कागदांत त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात. थेंब-थेंब वाढणारी किंमत ही त्यांतली एक. 'फक्त दोनच उरले, त्वरा करा' ही खोटी घाई दुसरी. न मागता टोपलीत हळूच एखादी वस्तू किंवा विमा घालणे तिसरी. नको म्हटले की 'मला पैसे वाचवायचे नाहीत' अशा बटणावर बोट ठेवायला लावून माणसाला ओशाळे करणे ही आणखी एक. आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, ते यंत्र माझी लाज काढतं." त्यांनी ती यादी वाचलेली नाही, पण युक्ती बरोबर ओळखली! आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीला आपली संमती मानता येत नाही, हेही २०२० च्या नियमांतच आहे.

एवढे करून दाद मिळाली नाही तर काय? १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे; तेथे मराठीत बोलता येते. तेथेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तो नांदेडला आहे, लातूरलाही आहे. पुष्कळ कंपन्यांच्या अटींत लिहिलेले असते की वाद बंगळुरूच्या किंवा दिल्लीच्या न्यायालयातच चालेल. ते वाचून भगिनी घाबरतात. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहते किंवा काम करते, तेथल्या आयोगाकडे तक्रार करण्याची सोय केली आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. मी स्वतः वकील असून हे सांगते, तेव्हा खरे माना. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही ती दाखल करता येते. निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा सांगतो. आयोगाच्या बाकावर बसलेल्यांना ठाऊक आहे की तारखा त्याहून लांबतात. म्हणूनच पहिले पत्र नीट लिहिण्यावर माझा एवढा भर आहे.

आता दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्यांकडे वळू. हे कसे जमते? मोठ्या शहरांत वस्तीजवळ लहान लहान गोदामे असतात. त्यांना डार्क स्टोअर म्हणतात. तेथे गिऱ्हाईक आत जात नाही, नुसता माल भरतात आणि पाठवितात. वाण्याच्या दुकानात आपण पिठाचे पोते डोळ्यांनी पाहतो, किडा दिसला तर तोंडावर बोलतो. या गोदामात आपले डोळे पोचत नाहीत. तेथे आपल्या वतीने पाहण्याचे काम अन्न व औषध प्रशासनाचे. २०२५ च्या मे-जूनमध्ये या प्रशासनाने मुंबईत धारावी येथील झेप्टोच्या गोदामाची तपासणी केली. काही मालावर बुरशी, साचलेल्या पाण्याजवळ ठेवलेला माल, शीतकपाटात योग्य थंडावा नाही आणि मुदत संपलेला माल वेगळा काढलेला नाही, असे आढळल्यावरून परवाना निलंबित करण्यात आला होता. त्याच जूनमध्ये पुण्यात बालेवाडीला ब्लिंकिटचा माल पुरविणारे एक गोदाम अन्नपदार्थांच्या परवान्याविना चालू असल्याचे आढळले आणि काम थांबविण्याचा आदेश निघाला. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा कंपन्यांना बजावले होते की घरी पोचताना पदार्थाच्या टिकण्याच्या मुदतीपैकी निदान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. तेव्हा पिशवी दारात आली की आधी तारीख पाहावी, मग पोऱ्याला वाटेला लावावे.

आणि तो पोऱ्या! आपल्या दोन्ही गावांत आज तयार जेवण घेऊन धावणारी मुले आपण पाहतो. आपल्या सभासदांपैकीही एकीचा मुलगा हे काम करतो, असे मला सकाळी कळले. कंपनी त्याला नोकर म्हणत नाही, भागीदार म्हणते. भागीदाराला नफ्यात वाटा असतो. याला पेट्रोल स्वतःचे, दुचाकी स्वतःची आणि हात मोडला तर दवाखानाही स्वतःचा. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने अशा कामगारांना प्रथमच कायद्यात जागा दिली. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याण निधीत द्यावयाची आहे. कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून ती अधिक असणार नाही. त्याचा लाभ मिळण्यासाठी मुलाची ई-श्रमवर नोंद झालेली असावी. त्या भगिनीने घरी गेल्यावर पहिले काम ते करावे. डिसेंबर २०२५ अखेर या कामगारांनी संप केला आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलल्यावर ब्लिंकिटने आपली दहा मिनिटांची जाहिरात मागे घेतली.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हा सारे गाव वाट पाहत होते आणि त्या घाईला अर्थ होता. बिस्किटाच्या पुड्यासाठी एखाद्या मुलाने लाल दिवा ओलांडावा, एवढी निकड माझ्या तरी घरात कधी आली नाही.

आता मंडळाच्या येसराकडे. चिटणीसबाईंनी पाठविलेली पुडी मी पाहिली. चवीबद्दल बोलत नाही, त्यात आपण पहिल्या नंबराच्या आहात. पुडीवर मंडळाचे नाव आहे, 'शुद्ध व घरगुती' आहे, किंमत आहे. वजन नाही. तयार केल्याचा महिना नाही, केव्हापर्यंत वापरावे ते नाही. घटक पदार्थ लिहिलेले नाहीत. येसरात गहू असतो. गहू सोसत नाही अशी माणसे असतात, त्यांच्यासाठी ते स्वतंत्र लिहावे लागते. हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक नाही. लहान उत्पादकाला नोंदणी पुरते, मोठ्याला परवाना लागतो, पण दोन्हीपैकी एक हवेच. तक्रार कोठे करावी तो फोन नाही. किंमतीपुढे 'सर्व करांसह' नाही आणि दर ग्रॅमला किती पडते तेही नाही. पुड्या भरून विकणाऱ्याने वैधमापन खात्याकडे नोंद करावयाची असते, ती केलेली दिसत नाही. घरगुती ओळखीत विकताना कोणी विचारले नाही. मोबाइलवर हीच पुडी पुण्या-मुंबईच्या अनोळखी बाईच्या हातात जाणार आणि पुडीखेरीज आपली दुसरी ओळख तिला नाही. वजनाच्या काट्यावर तपासणीचा शिक्का चालू वर्षाचा आहे की नाही, तेही पाहून घ्यावे.

करांबद्दल फार घाबरू नका. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी अशा बाजारात माल विकणाऱ्या प्रत्येकाला, उलाढाल कितीही लहान असो, वस्तू व सेवा कराची नोंदणी घ्यावी लागे. त्या तारखेपासून ज्यांची मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत आहे आणि जे आपल्या राज्यातच विकतात, त्यांना नोंदणीतून सूट आहे. पॅनवरून एक नावनोंदणी क्रमांक घेतला की पुरते. हैदराबादला पुडी पाठवायची म्हटली की मात्र ही सूट गेली. नांदेडच्या बायकांची निम्मी माहेरे आणि सासरे तेलंगणाच्या बाजूला, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

बाजार चालविणाऱ्या कंपनीशी लेखी करार झाल्याखेरीज माल ठेवू नये, हे नियमातच आहे. तो करार इंग्रजीत येईल आणि लांबलचक असेल. त्यात तीन जागा आधी शोधा: अडत किती, परत आलेल्या मालाच्या वाहतुकीचा खर्च कोणाकडे, आणि पैसे किती दिवसांनी जमा होणार. परत आलेले मेतकूट पुन्हा विकता येत नाही. दहा पुड्या परत आल्या की महिन्याचा नफा गेला. म्हणून माझे मत असे की पहिल्या वर्षी फक्त येसर आणि मेतकूट ठेवावे. कुरडया-पापड वाटेत मोडतात आणि मोडका माल म्हणजे सदोष माल. तो परत घ्यावाच लागेल.

राहता राहिली एक गोष्ट. विक्रेत्यालाही तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि ४८ तासांत पोच द्यावी लागते. मंगळागौर असो, लग्नसराई असो, ४८ तास ते ४८ तासच. या कामाला रोज मोबाइल पाहणारी, शांत डोक्याची आणि मराठी-हिंदी दोन्ही नीट लिहिणारी एक भगिनी हवी, आणि ती गावाला गेली तर तिच्या जागी दुसरी. ही दोन नावे कार्यकारी मंडळाने पुढच्या बैठकीत ठरवावीत. पुडीवर छापावयाच्या मजकुराचा कच्चा नमुना मी लिहून आणला आहे; तो चिटणीसबाईंकडे ठेवते. सहा वाजताची लातूरची गाडी आहे, तोवर ज्यांना पावत्या किंवा करार दाखवायचे असतील त्यांनी इकडे टेबलाजवळ यावे.